उन्हाळा शिडाचा की पान्याचा?

आमच्या सिअ‍ॅटलमध्ये जुलै आणि ऑगस्ट हे काय ते दोन महिने कोरडे. बाकी वर्षभर पाऊस पडत तरी असतो, नाहीतर पडायच्या विचारात असतो. त्यामुळे शिडाची बोट बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे दर उन्हाळ्यात एकच पेच. बोट चालवायची की दुरुस्त करायची? तळाचा रंग, इपॉक्सी, डेकची गळती बंद करणं ही कामं ओल्या हवेत होत नाहीत. आणि सॅन वान बेटांकडे जायचे दिवसही नेमके तेच. (त्या दिवसांत वारा बऱ्याचदा पडलेला असतो आणि 'शिडाची' बोट डिझेलवर चालते, तो भाग वेगळा!)

आपल्या कोळ्यांना हा पेच पडत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या, जाळी-इंजिनं बघायची, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की झालं. वेळापत्रक पावसानेच करून दिलंय. इथे उलटं आहे. ज्या दिवशी रंग वाळतो त्याच दिवशी समुद्रही बोलावतो.

माझं मत सरळ आहे. बोट फार तर पंधरा दिवस पाण्याबाहेर काढावी, पाण्याखालची आणि डोलकाठीची कामं उरकावी आणि निघावं. बाकी सगळं नोव्हेंबरात, केबिनमध्ये हीटर लावून. आणि ज्याला लोक 'अपग्रेड' म्हणतात त्यातलं निम्मं तर नोव्हेंबरातही करू नये.

सध्या लिथियम बॅटरीची फॅशन आहे. वजन निम्म्याहून कमी, चार्ज झटपट, छानच आहे. पण ही बॅटरी अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून नवा अल्टरनेटर. त्याला बाहेरचा रेग्युलेटर. मग जाड वायर, मोठे फ्यूज. एक लायब्ररी बदलायला जावं आणि अर्धा प्रोजेक्ट कंपाइल होणं बंद व्हावं, तसला प्रकार! फरक इतकाच की इथे अन-डू नाही आणि यार्डाचं भाडं दिवसावर चालू असतं. आमच्या धक्क्यावरच्या एका गृहस्थांचे सलग दोन उन्हाळे यात गेले. स्क्रीन मात्र झकास दिसतो.

त्याच बोटींच्या पोटात, संडासाच्या मागे, चाळीस वर्षांचे सीकॉक बसलेले असतात. सीकॉक म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावरची तोटी. कांस्याचा असेल तर ठीक, पण पितळी असला तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते स्पंजासारखं तांबं. दिसायला धडधाकट, पण हातोडीने हलकेच ठोकलं तर तुटेल असं. आता गणित करा. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर दीड इंची भोक मोकळं झालं तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. म्हणजे तासाला साडेसात हजार लिटर. छोट्या बोटीत सर्रास बसवलेला ५०० गॅलनचा बिल्ज पंप लेबलाप्रमाणे चालला तरी तासाला जेमतेम एकोणीसशे लिटर उपसणार. आणि प्यूजेट साउंडचं पाणी भर ऑगस्टमध्येही बहुतेक ठिकाणी १५ डिग्रीच्या खाली असतं. पोहून जाऊ म्हणायची सोय नाही. त्यापेक्षा नवा सीकॉक, नळीला दोन क्लॅम्प आणि शेजारी दोरीने बांधलेली लाकडी गुडदी स्वस्त पडते.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचंही तेच. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा गैरसमज. डेकमध्ये दडलेल्या पट्टीला ओल मिळते पण हवा मिळत नाही, तिथे ते आतून खात जातं. वरून चकाचक!

२०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये जुन्या बनावटीच्या बोटी होत्या, जीपीएस बघून मार्ग काढायला बंदी. आपल्या अभिलाष टॉमींची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली, पाठीला जबर मार बसला आणि फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्याच शर्यतीत जाँ-लुक वान दन हीड यांच्याही डोलकाठीला वादळात इजा झाली. त्यांनी समुद्रातच डागडुजी करून ती टिकवली आणि ७३व्या वर्षी शर्यत जिंकली. (टॉमी पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले, हेही सांगायलाच हवं.) तिथे उपयोगी पडलं ते पक्कं हार्डवेअर आणि माणसाचे हात.

नव्या उपकरणांना माझा सरसकट विरोध नाही. एआयएस मी बिनतक्रार घेईन. ऑगस्टमधल्या सकाळच्या धुक्यात फेरी आणि कंटेनरची जहाजं आपल्याकडे येताहेत की नाही हे कळणं चैन नव्हे.

तर यंदाची माझी यादी: दोन सीकॉक, झिंक, पंपाचा इंपेलर, तळाचा रंग, वरच्या दोन तारा. फ्रिज नाही. आइसबॉक्समध्ये बर्फाच्या लाद्या टाकल्या की श्रीखंड तीन दिवस टिकतं. बायकोचं मत या बाबतीत वेगळं आहे, तो लेख तिने लिहावा.