एकांताचा खंड कोणाच्या पदरात?

समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्टांच्या जाहिराती बारकाईने पाहिल्या, तर त्या सर्व एकच वस्तू विकत असल्याचे ध्यानात येते. वाळूवर मांडलेले दोघांपुरते मेज, माडांच्या दोन खोडांना बांधलेली झोळी, निळ्या पाण्यावरून संथपणे जाणारी छोटी होडी. आणि या साऱ्या चित्रांत तिसऱ्या माणसाचा मागमूसही नाही. भोजन, निवास आणि जलक्रीडा यांचे दर वेगवेगळे छापलेले असतात, परंतु ग्राहक खरी किंमत मोजतो ती एकांताची. मध्यमवर्गीय नोकरदारही आता वर्षाकाठी दोन दिवस का होईना, हा एकांत विकत घेऊ लागला आहे. त्यात गैर काही नाही. श्रमणाऱ्या माणसाला विश्रांतीचा हक्क आहे. प्रश्न एवढाच की, हा एकांत मुळात कोणाच्या मालकीचा आणि त्याची किंमत कोणाच्या पदरात पडते?

नारळाचे किंवा भाताचे उत्पादन वाढविता येते, एकांताचे येत नाही. किनाऱ्यावर शंभर माणसे आली की तो संपला. काही वस्तूंचे मोल त्या इतरांना मिळत नाहीत यावरच अवलंबून असते, याकडे फ्रेड हर्श या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली लक्ष वेधले होते. एकांत हा त्याचा उत्तम नमुना. ज्याचा पुरवठा निसर्गतःच मर्यादित आहे, अशा साधनाच्या केवळ मालकीपोटी जी प्राप्ती होते, तिला अर्थशास्त्रात ‘खंड’ म्हणतात. रिसॉर्टचा चालक इमारत उभारतो, सेवा पुरवितो. त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. परंतु समुद्र, वाळू आणि सूर्यास्त ही त्याची निर्मिती नव्हे. त्यांभोवती कुंपण घातल्याने मिळणारे उत्पन्न हा निव्वळ खंड होय.

मालदीवचा धडा

या व्यवस्थेचे सर्वांत शुद्ध रूप मालदीवमध्ये पाहावयास मिळते. तेथील पहिले रिसॉर्ट १९७२ साली सुरू झाले. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे तेथील धोरण. निर्मनुष्य बेट भाडेपट्ट्याने द्यावयाचे, पाहुण्यांनी तेथेच राहावयाचे, जेवावयाचे, पोहावयाचे आणि परत जावयाचे. २०२४ साली, सुमारे पाच लाख वस्तीच्या या देशात वीस लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दृष्टीने हे यश थोडे नव्हे, आणि बेटांच्या भाडेपट्ट्यातून तेथील सरकार खंडाचा काही भाग वसूलही करते. परंतु पाहुण्याच्या ताटातील टुना मासा सोडला, तर भाजी, फळे, धान्य, मांस, मद्य यांपैकी बहुतेक सारे बोटीने किंवा विमानाने बाहेरून येते. कामगारांपैकीही फार मोठा वर्ग बांगलादेश, भारत, श्रीलंका येथून आलेला. म्हणजे पाहुण्याने दिलेल्या पैशाचा मोठा वाटा आल्या वाटेने परत जातो. लोकांना बाहेर ठेवणारे कुंपणच पैशाला गावात जाऊ देत नाही.

२००९ नंतर मालदीवने वस्तीच्या बेटांवरही अतिथिगृहांना परवानगी दिली. माफुशीसारख्या बेटांवर स्थानिक कुटुंबे पाहुणे ठेवू लागली, दुकाने निघाली, होडीवाल्यांना गिऱ्हाईक मिळाले. आज अशी अतिथिगृहे शेकडोंनी मोजावी लागतात. ज्या देशाने बंदिस्त एकांत जगाला विकला, त्यालाच अखेर दार किलकिले करावे लागले, ही गोष्ट आपल्या नियोजनकारांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

आपला किनारा

कारण आपल्याकडे निर्मनुष्य बेटे नाहीत. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पण त्याचा किनारा त्याआधी शतकानुशतके वहिवाटीत आहे. शहरी पाहुण्याला जी वाळू मोकळी दिसते, ती रापणकराची कामाची जागा आहे. रापणीचे जाळे दोन्ही टोकांनी ओढावयास माणसांची रांग लागते आणि त्या रांगेला किनारा लागतो. होड्या ओढून ठेवणे, जाळी दुरुस्त करणे, मासळी वाळत घालणे हे सारे त्याच वाळूवर. तेथे आरामखुर्च्यांची रांग मांडली, की एकाच्या विश्रांतीसाठी दुसऱ्याची रोजी जाते.

कायदाही मुळात या वाळूच्या बाजूचा आहे. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नयेत, असे १९८१ साली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले होते. १९९१ मध्ये किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकाममुक्त पट्टा दोनशे मीटरवरून पन्नासवर आणला. गोव्यात दोना पावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाण्याचा लोकांचा मार्ग एका हॉटेलमुळे अडला, तेव्हा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ च्या निकालात न्यायालयाने लोकांचा हक्क मान्य केला आणि नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व अधोरेखित केले. परंतु प्रत्येक गावाने आपल्या पाऊलवाटेसाठी दिल्ली गाठावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

यावर एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. मोजके आणि श्रीमंत पर्यटक आले तर निसर्गावरील भार कमी होतो. उलट घरगुती पर्यटनातून गर्दी, सांडपाणी आणि प्रवाळांची नासधूस वाढते. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे सुटीच्या दिवसांत होड्यांची होणारी दाटी पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु संख्येवर मर्यादा घालणे आणि किनारा बंद करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. होड्यांचे परवाने, सांडपाण्याची सक्ती, खोल्यांची कमाल संख्या ही पहिल्याची साधने होत. त्यांसाठी गावकऱ्याला हुसकण्याची गरज नाही.

तेव्हा उपाय सरळ आहेत. किनारपट्टीवरील प्रत्येक प्रकल्पाच्या परवान्यात समुद्राकडे जाणारी सार्वजनिक वाट नकाशावर आखलेली असावी आणि ती अडविल्यास परवाना रद्द व्हावा. रापणीच्या जागा ग्रामसभेच्या संमतीने नोंदविल्या जाव्यात. एकांताच्या खंडाचा ठराविक हिस्सा दरवर्षी ग्रामपंचायतीकडे यावा. आणि पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेसारख्या, घराघरांतून चालणाऱ्या व्यवसायाला मोठ्या प्रकल्पांइतकेच सुलभ कर्ज मिळावे. तारकर्ली-देवबागच्या घरी पाहुण्याच्या पानात पडणारे माशाचे सार, वडे आणि सोलकढी यांचा पैसा मासेविक्रेतीकडे, गिरणीवाल्याकडे, कोकमवाल्याकडे फिरतो. गुणक परिणाम विद्यार्थ्यांना शिकवावयास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

याच जिल्ह्यात, शिरोड्याच्या मिठागरांवर, १९३० साली सत्याग्रह झाला. समुद्राच्या देणगीवर सत्तेने मक्ता बसवू नये, हा त्यामागील विचार होता. मिठाची जागा आज एकांताने घेतली आहे. रिसॉर्ट अवश्य यावीत. परंतु त्यांची कसोटी खोल्यांच्या संख्येवर लावू नये. त्यांच्या स्वयंपाकघरातील किती जिन्नस तालुक्यातून आले आणि त्यांच्या दारावरून मच्छीमाराला विनाअडथळा समुद्रावर जाता येते की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ती लावावी.