सदनातलं लेकरू
तेलंगणातल्या मंचेरियलचं लेकरू जवाहर नवोदय विद्यालयाला लागलं की सहावीतच त्याची पेटी कागजनगरला जाते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचं नवोदय तिथंच. मग अरावली, निलगिरी, शिवालिक किंवा उदयगिरी हे सदन त्याचं घर. 1986च्या शैक्षणिक धोरणातल्या या निवासी शाळांत खेळ, परिपाठ, स्पर्धा सगळं सदनावार चालतं. नववीत काही मुलं वर्षभर परभाषिक राज्यातही राहून येतात. ही मोठी गोष्ट आहे. सदनांच्या गुणांचा हिशेब चोख असतो, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडणारं अकरा वर्षांचं पोर कुणाला दिसणार? सदनप्रमुख म्हणजे दिवसभर वर्ग घेऊन दमलेला शिक्षकच. सरकारनं प्रत्येक सदनाला मुलांची बोली जाणणारा, फक्त त्यांच्यासाठीच असलेला एक माणूस द्यावा.