पिकअपची श्रेणी निवडताना

कोल्हापूर : गगनबावडा, आंबा घाट, राधानगरी परिसरातील पावसाळी वाटांमुळे कोल्हापूरकरांना 'फोर बाय फोर' पिकअपची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. खरा प्रश्न आहे तो श्रेणीच्या निवडीचा.

इसुझूची व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली, तर टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. हायलक्स दाखल झाली तेव्हा 'स्टँडर्ड'ची किंमत ३३.९९ लाख, तर 'हाय' मॅन्युअलची ३५.८० लाख रुपये होती. इंजिन आणि फोर बाय फोर यंत्रणा मात्र दोहोंत एकच. जादा पैसा जातो तो चामडी आसने, मोठी चाके आणि एलईडी दिव्यांवर. चिखलातून बाहेर काढण्याची ताकद त्याने वाढत नाही.

इसुझूच्या हाय-लँडरमध्ये केवळ मागील चाकांना गती मिळते. हौदा रिकामा असताना मागील बाजू हलकी राहते आणि ओल्या चढावर चाके फिरू लागतात. वरचेवर कच्च्या रस्त्याने शेतावर जाणाऱ्याने तेथे काटकसर करू नये. केवळ डांबरी घाटरस्त्याने कोकणात उतरणाऱ्यास मात्र चांगले टायर पुरेसे ठरतात.

बाहेरून बसविल्या जाणाऱ्या साजाबाबत सावधगिरी हवी. बुलबारवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने २०१७ मध्ये दिले. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गही बंद ठेवावा लागला होता. अशा पाण्यात गाडी घालण्याचा परवाना कोणतीही श्रेणी देत नाही.