विमानांची सहल : आधी हिशेब, मग फोटो



विमानांच्या कसरती पाहायला जायचे आणि त्यांचे फोटो काढायचे, हा विषय आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंबाच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या विहारातही तसेच वाटले होते. जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ तारखेला मुंबईत मरीन ड्राईव्हवर भारतीय वायुदलाच्या कसरती होणार अशी बातमी आली आणि रविवारच्या वंदनेनंतर पोरांनी गाडी करून जाण्याचा विषय काढला. एक ज्येष्ठ बंधू लगेच म्हणाले, "सहा डिसेंबरला चैत्यभूमी झाली, एक जानेवारीला भीमा-कोरेगाव झाले. आता एप्रिलपर्यंत खिशाला विश्रांती द्या. विमान बघून कुणाचे पोट भरते का?"

प्रश्न रास्त होता. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो, त्या घरातून सहलीचे पैसे मागायचे तर उत्तर तयार पाहिजे. पण विषय काढणारे कोण होते तेही पाहिले पाहिजे. एक मुलगा लग्नाचे फोटो काढून पोट भरतो. कॅमेरा जुना, लेन्स भाड्याची. आयुष्यात त्याने नवरा-नवरी आणि पंगत सोडून दुसरे काही टिपलेले नाही. दुसरी अकरावीतली मुलगी. तिला विमान आतून कसे चालते ते कळून घ्यायचे आहे. आणि तिसरे ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका, वय सत्तरीच्या पुढे. ते काही बोलले नाहीत, पण यादीत पहिले नाव त्यांनीच लिहिले.

नाशिकच्या माणसाला विमान नवे नाही. गांधीनगरच्या धावपट्टीवरून सैन्याची हेलिकॉप्टरे रोज डोक्यावरून जातात. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालापासूनचा. तिथे मिग-२१ तयार झाली, पुढे सुखोई-३० झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथेच जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलातून कायमचे निवृत्त झाले. या विमानांचे रिबेट मारणाऱ्या, पत्रे कापणाऱ्या, रंग देणाऱ्या हातांमध्ये आपल्या समाजाचेही हात होते. पण त्यांच्या घरच्यांनी विमान पाहिले ते पत्र्यावरून गडगडाट करीत जाणारे. मोकळ्या जागेत उभे राहून, 'हे आपण केले' असे म्हणून पाहिलेले नाही.

आणि तिथे नोकरीला लागतानाची गोष्टही आजच्या पोरांना ठाऊक नसते. आपण १९५६ साली धम्म घेतला. महाराष्ट्र राज्याने बौद्धांना सवलती दिल्या, पण कारखाना केंद्राचा. केंद्राच्या नोकरीत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्याआधी लागलेल्या कित्येकांनी घरात पंचशील म्हटले आणि अर्जावर जुनी जात लिहिली. काका १९७४ चे. त्यांनी काय लिहिले ते मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. अशा माणसाने एक दिवस आकाशाकडे बघायचे ठरवले तर ती चैन आहे असे मला वाटत नाही.

आता हिशेब. वर्गणीच्या पैशाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घेतले. जयंतीची वर्गणी जयंतीसाठीच. एकदा ती सहलीला वळवली की पुढच्या वर्षी पावती पुस्तक घेऊन कोणत्या तोंडाने दारोदार फिरायचे? बारा माणसांची क्रूझर गाडी ठरली. जाऊन-येऊन ३६० किलोमीटर, १८ रुपये दराने ६,४८०. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता मिळून १,३२० धरले. एकूण ७,८००. डोईप्रमाणे वाटले तर ६५० येतात. पण कमावता आणि शिकता यांना एकाच तराजूत का तोलावे? सहा कमावत्यांनी ९०० द्यावे, सहा शिकणाऱ्यांनी ४००. बेरीज तीच होते. जेवण घरचे : भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. हॉटेलची तरतूद शून्य.

काहींनी विचारले, रेल्वेने का नाही? पंचवटी एक्स्प्रेस सकाळी निघते आणि वेळेत पोहोचते, स्वस्तही पडते. एसटीने महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. दोघा-तिघांनाच जायचे असेल तर मीही हेच सांगेन. आमच्यात म्हातारी माणसे होती, कॅमेऱ्याच्या बॅगा होत्या आणि वाटेत थांबायचे होते. म्हणून गाडी.

दिवस निवडताना थोडे डोके चालवावे लागले. शुक्रवारी १२ तारखेला पंतप्रधान नाशकात येणार होते, तपोवनात राष्ट्रीय युवा महोत्सवाचे उद्घाटन होते. रस्ते कुठे अडवतील सांगता येत नव्हते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक आणि निम्मी मुंबई समुद्रावर. म्हणून शनिवार.

पहाटे साडेचारला सातपूरहून निघालो. त्रिरश्मी लेण्यांना (लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काय संबंध?) अंधारातच हात जोडले. इगतपुरीला चहा झाला. तिथल्या धम्मगिरीचे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालते, हे सोबतच्या मुलांपैकी चौघांना माहीत नव्हते. कसारा घाट उजाडायच्या आत उतरलो. आता जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पाही खुला झाला आहे. घाट टळतो, पण टोलचा आकडा आधी पाहून घ्यावा. मुंबईच्या वेशीवरचा टोल मात्र हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे.

गाडी दादरलाच लावली. दक्षिण मुंबईत पार्किंग शोधण्यात कार्यक्रम हातचा गेला असता. आधी चैत्यभूमी. सहा डिसेंबरला जिथे मुंगीला वाट मिळत नाही तिथे शनिवारी सकाळी शांतता होती. काकांनी मनासारखे दर्शन घेतले. मग दादरहून लोकलने चर्चगेट आणि चालत समुद्र. दहा वाजता जागा धरली, कार्यक्रम बाराला.

जागा कुठे धरायची हा फोटोचा पहिला धडा. सूर्य पाठीमागे पाहिजे. जानेवारीत दुपारी बाराला सूर्य अगदी डोक्यावर नसतो, दक्षिणेला कललेला असतो. म्हणून नरिमन पॉइंटच्या बाजूला उभे राहून मलबार हिलकडे तोंड केले, तर विमानावर उजेड पडतो आणि रंग दिसतो. उलट उभे राहिलात तर पांढऱ्या आभाळात काळा कावळा येतो. तरीही आभाळाच्या उजेडाने कॅमेरा फसतो आणि विमान काळे काढतो. तेव्हा एक्स्पोजर थोडे वाढवावे. लढाऊ विमानाला शटरचा वेग एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जास्त. हेलिकॉप्टरला मात्र तेवढा वेग ठेवला तर पाती जागच्या जागी गोठतात आणि ते खेळण्यासारखे दिसते. तिथे दोनशेपन्नासांश किंवा त्याखाली यावे, म्हणजे पाती फिरताना दिसतात. हे आमच्या लग्नवाल्या पोराने सगळ्यांना समजावले. बारा वर्षे हॉलमधल्या दिव्यांत काम केलेल्या माणसाला उजेडाची अक्कल असते.

दुसरी गोष्ट आवाजाची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर आवाज तीन सेकंद उशिरा येतो, आणि तेवढ्यात विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेले असते. आवाजाच्या दिशेला कॅमेरा फिरवणाऱ्याला रिकामे आभाळ मिळते. डोळ्यांनी आधी शोधावे, कॅमेरा विमानाबरोबर फिरवत राहावे आणि फिरवता फिरवताच बटण दाबावे.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी झूमच्या नादाला लागू नये. कोपऱ्यात एक भुरकट ठिपका मिळतो, दुसरे काही नाही. मोबाईलने गर्दी टिपावी, कठड्यावर बसलेली माणसे टिपावीत, वर पाहणारे चेहरे टिपावेत आणि त्यांच्यावरून जाणारी धुराची रेघ. आमच्या सहलीतला सर्वांत चांगला फोटो माझ्या मते असाच आहे. त्यात विमान नखाएवढे आहे. मात्र परक्यांच्या लेकी-सुनांचे जवळून फोटो काढताना विचारून काढावे, आणि नको म्हटले तर नको.

कार्यक्रमात सूर्यकिरण पथकाची नऊ हॉक विमाने होती. हे पथक १९९६ चे. २०११ नंतर काही वर्षे ते बंद होते, मग नव्या विमानांनिशी पुन्हा उभे राहिले. सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरे, छत्रीने उतरणारे आकाशगंगा पथकाचे जवान आणि एकटे सुखोई-३०. ते सरळ वर चढले तेव्हा काकांनी टोपी काढली आणि मुलीला हाताने दाखवू लागले, पंख कुठे जोडतात, शेपूट कुठे. गोंगाटात तिला किती ऐकू आले कोण जाणे. हा खेळ नव्हे, हेही पोरांना सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरच्या येलहंका तळावर सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांना धडकली आणि एका वैमानिकाचा जीव गेला.

पाहणाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न असतो. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईला मरीना किनाऱ्यावर असाच कार्यक्रम झाला. लाखो लोक आले, ऊन कडक, पाण्याचे हाल, परतीच्या गाड्यांना रेटारेटी. पाच माणसे दगावली. आपल्या लोकांना लाखोंच्या गर्दीत वावरायची सवय आहे. सहा डिसेंबरला समता सैनिक दल रांगा कसे लावते, पाणी आणि जेवणाची पाकिटे कशी फिरतात, हरवलेल्या मुलाचे नाव कसे पुकारतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. तेच इथे करावे. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पदर, साखर-मिठाची पुडी, बी.पी.च्या गोळ्या वरच्या खिशात. मुलांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरलेली. आणि कार्यक्रम संपला की लगेच उठायचे नाही. अर्धा-पाऊण तास बसून भाकरी खावी, गर्दी ओसरू द्यावी. आम्ही तसेच केले.

एक ताकीद मुलांसाठी. कसरतींचे फोटो काढायला हरकत नाही, पण विमानतळाची भिंत, ओझरचे फाटक, देवळालीचा तोफखाना, गांधीनगर इथे 'फोटो काढण्यास मनाई' असा फलक असतो आणि त्यामागे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा असतो. फलक दिसला की कॅमेरा पिशवीत. ड्रोनचे तर नावही काढू नये. ओळखपत्र जवळ ठेवावे. आपल्या वस्तीच्या पोराला पोलिसांनी अडवले तर दुसऱ्यापेक्षा चार प्रश्न जास्त विचारतात, हे मी वेगळे सांगायला नको.

परतताना चालत फोर्टमध्ये आनंद भवनापर्यंत गेलो. बाबासाहेबांनी १९४६ साली काढलेले सिद्धार्थ कॉलेज मुलांनी बाहेरून पाहिले, पायरीवर सगळ्यांचा एक फोटो काढला. रात्री अकराला घरी. ज्येष्ठ बंधूंना हिशेबाचा कागद दिला. त्यांनी बेरीज दोनदा तपासली आणि शिल्लक राहिलेले १४० रुपये कुठे जमा केले ते विचारले. विहाराच्या वाचनालयात जमा केले होते, पावती दाखवली.

फोटो मोबाईलमध्ये पडून राहू नयेत म्हणून आठ मोठे छापून वाचनालयात लावले. ते पाहून दोन घरांनी लग्नाचे काम त्याच मुलाला दिले, हा त्याचा फायदा. मुलगी मात्र वेगळेच विचारू लागली : ओझरला आत जायला काय शिकावे लागते? आय.टी.आय. किंवा डिप्लोमा करून अप्रेंटिस म्हणून शिरता येते, इंजिनीअर होऊनही जाता येते, हे काकांनी तिला सांगितले. मी एकच भर घातली आणि ती सगळ्या पालकांसाठी आहे. केंद्राच्या कारखान्याचा अर्ज भरायचा तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. धर्म बौद्ध असला तरी तो मिळतो. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात धावपळ करण्यापेक्षा दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावा. शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा किंवा आजोबांचा जुना दाखला आणि रहिवासाचा पुरावा एका पिशवीत घालून या. रविवारी वंदनेनंतर मी विहारात असतो, अर्ज भरून देईन.