धुऱ्यावरचा तास

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. विषय आला, पण बहुतेक ठिकाणी तो व्याख्या पाठ करणे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री प्रकल्पवही उतरवून काढणे एवढाच उरला. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीसारख्या गावात तर हे फारच खटकते. हा जिल्हा दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसला आहे. इथे उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. अडाण, अरुणावती पैनगंगेकडे वळतात आणि त्यांचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात एखाद्या टेकाडावर उभे राहून पाणी कुठे वाहते हे पाहिले, तर जलविभाजक कळायला आकृतीची गरज उरत नाही.

गावच्या परंपरांचे काय? त्या शाळेत आणल्या तर अंधश्रद्धा शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते आणि ती निराधार नाही. पण परंपरा पूजायच्या नाहीत, तपासायच्या आहेत. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे शेतकरी म्हणतो. मुलांनी हरभऱ्याचे झाड उपटून मुळावरच्या गाठी फोडून पाहाव्यात. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्र धरून ठेवणारे जिवाणू कामाला लागलेले असतात. म्हणजे हा दावा टिकतो. पंचांग मात्र नक्षत्राचे वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस सांगते. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून २.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचे दिवस मोजावेत, चार-पाच हंगामांच्या नोंदी वाहनांशी ताडून पाहाव्यात. हा दावा टिकेल असे मला वाटत नाही, पण निकाल मुलांच्या वहीतून लागावा. आजीने सांगितलेले कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, याचा निवाडा करता येणे हेच विज्ञान आहे.

खरा अवघड आक्षेप पालकांचा आहे: पोराला शेतातच न्यायचे होते तर शाळेत कशाला घातले? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेल्या, हाताच्या कामातून शिकवणाऱ्या नई तालीमलाही हाच अविश्वास भोवला. पिढ्यान्‌पिढ्या मातीत राबलेल्या आणि शाळेपासून दूर ठेवल्या गेलेल्या घरांना वहीपुस्तकाची ओढ असणे स्वाभाविकच; त्यांच्यापुढे ग्रामजीवनाचे गोडवे गाऊ नयेत. म्हणूनच धुऱ्यावरचा तास निंदणीचा नको, मोजणीचा हवा: मातीचा ओलावा, बांधावरची झाडे, सोयाबीनवरच्या अळ्या, तरोटा आणि घोळ कुठे उगवते याचा नकाशा. रानभाज्यांची जाण बहुतेक बायकांकडे असते, तेव्हा त्या दिवशी शिकवणारी गावातलीच एखादी मावशी असावी आणि तिला मानधन मिळावे.

साप, ऊन, एकशिक्षकी शाळा या अडचणी आहेतच. त्यासाठी सहल नको, शाळेपासून दहा मिनिटांवरचे शिवार पुरे. पण शिक्षकांवरचा कागदी भार आधी कमी करावा लागेल. मुलांच्या या नोंदींना गावात जागाही आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतींनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी ती घाईने भरली गेली. तिची दुरुस्ती दरवर्षी नववीच्या वर्गाने करावी आणि पर्यावरणाचे निम्मे गुण त्या नोंदींना द्यावेत.