संदेश पोहोचला, मागणी ओसरली

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने ऑगस्ट 2025 मध्ये एमआरएनए लसींच्या विकासाचे 22 प्रकल्प आवरते घेण्याचा निर्णय जाहीर केला. या प्रकल्पांची किंमत सुमारे 50 कोटी डॉलर होती. श्वसनमार्गाच्या संसर्गावर या लसी पुरेशा प्रभावी नाहीत, असे कारण देण्यात आले. या निर्णयाचे तेथील राजकारण तेथेच राहो; पुणेकरांना मात्र त्याकडे परकी वार्ता म्हणून पाहता येणार नाही. देशातील पहिली एमआरएनए लस हिंजवडीतील जिनोव्हा या कंपनीने सिद्ध केली आहे.

सजीवांच्या पेशीत प्रथिने कशी घडतात, याचे सूत्र साधे आहे. जनुकातील डीएनएचा मजकूर पेशीकेंद्रकात जतन केलेला असतो. त्याची आरएनए-रूप प्रत निघते. ती केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाची यंत्रणा तिची तीन-तीन अक्षरे वाचीत अमिनो आम्लांची माळ गुंफते. ही माळ म्हणजेच प्रथिन. चार अक्षरांची चौसष्ट त्रिके आणि वीस अमिनो आम्ले यांचा हा कोश उलगडण्यात हरगोविंद खुराणा यांचा मोठा वाटा होता. 1968 चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी विभागून मिळाले.

विशेष असे की, या साखळीच्या तिन्ही पायऱ्यांवर पाऊल ठेवणाऱ्या तीन लसी एकट्या पुण्यात तयार झाल्या. सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड विषाणूच्या काट्याचे जनुक डीएनएच्या रूपाने पेशीत पोहोचविते. त्याच संस्थेच्या कोव्होव्हॅक्समध्ये ते प्रथिन पतंगवर्गीय कीटकाच्या पेशींकडून आधीच तयार करून घेतलेले असते. विषाणूचे जनुक कीटकाच्या पेशीला बिनचूक वाचता येते, हे त्या कोशाच्या सार्वत्रिकतेचे प्रमाणच होय. हिंजवडीची लस या दोहोंच्या मधली वाट धरते: ती केवळ संदेश देते.

‘एमआरएनए लस जनुके बदलते’ ही आवई उठविणाऱ्यांनी हा क्रम ध्यानी घेतलेला नाही. हा संदेश केंद्रकात जातच नाही. केंद्रकाबाहेर वाचला जातो आणि अल्पावधीत विरघळून जातो. केंद्रकात जातो तो कोव्हिशील्डमधील डीएनए! त्याच्यापाशीही आपल्या गुणसूत्रांत मिसळण्याची यंत्रणा नसते. देशात दिल्या गेलेल्या 220 कोटींहून अधिक मात्रांपैकी बहुसंख्य मात्रा याच लसीच्या होत्या. ज्यांनी ती निर्धास्तपणे टोचून घेतली, त्यांनीच पुढे एमआरएनएचे नाव ऐकून दचकावे, हा विनोद नव्हे तर आपल्या विज्ञानशिक्षणाचा हिशेब आहे.

जिनोव्हाच्या लसीला जून 2022 मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली आणि ओमायक्रॉनसाठीची सुधारित लस जून 2023 मध्ये आली. छापखाना तोच, खिळे तेवढे नवे जुळवावयाचे, हे या तंत्राचे बळ त्यातून दिसले. ही सुधारित लस भुकटीच्या रूपात साध्या शीतकपाटाच्या तापमानाला टिकते. उणे सत्तर अंशांचा थाट मागणाऱ्या परदेशी लसीपेक्षा आपल्या तालुक्याच्या दवाखान्याला हीच अधिक सोयीची. परंतु 2022 च्या मध्यापर्यंत बहुतेक प्रौढांच्या दोन मात्रा झाल्या होत्या, आणि 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे घोषित केले. लस आली तेव्हा घेणारा उरला नव्हता.

आता प्रश्न असा की, कमावलेले हे कौशल्य टिकावे कसे? या लसीच्या विकासाला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे साहाय्य होते. म्हणजे करदात्याचा पैसा तीत आहेच. खासगी कारखाना सरकारने का पोसावा, हा आक्षेप रास्त आहे. पण साथ नसताना अग्निशामक बंबासारखी सज्ज राहणारी उत्पादनक्षमता बाजार कधीच पोसणार नाही. सरकारने अशी क्षमता ठराविक मुदतीसाठी राखून ठेवावी, मोबदला द्यावा, आणि त्या बदल्यात किमतीवर व चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यावर अटी घालाव्यात.

तेवढ्याने मात्र भागणार नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि बीसीजी ही लस शंभर वर्षांहून जुनी आहे. मग क्षयावर एमआरएनए लस का करू नये? करोनाचा काटा आधीच्या संशोधनामुळे ओळखीचा झालेला होता; क्षयाच्या जंतूपाशी सुमारे चार हजार जनुके आहेत, आणि त्यांतील कोणत्या प्रथिनाचा संदेश लिहिला असता शरीर खरोखर सावध होईल, हे अद्याप निश्चित झालेले नाही. ते शोधण्याचे काम कारखान्याचे नव्हे. पाषाणची आयसर, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि राष्ट्रीय विषाणू संस्था यांचे आहे. या संस्थांत असे काम करू पाहणाऱ्या संशोधकांच्या शिष्यवृत्त्या वेळेवर मिळाव्यात, एवढी प्राथमिक बाबही अजून मागणीपत्रांतच अडकलेली आढळते. अमेरिकेने हात आखडता घेतल्याने तिकडील काही संशोधक नव्या आश्रयाच्या शोधात असणार. त्यांना बोलावण्याच्या गोष्टी करण्याआधी दिल्लीने ही थकबाकी चुकती करावी.