वैशाखातली कुंडलिका
वैशाखाच्या उष्म्याने आमच्या किहीमच्या विहिरींचा तळ दिसू लागतो व कोकणातील बहुतेक नद्यांचे ओहळ होतात, तेव्हाही आमच्याच जिल्ह्यातील कुंडलिका खळाळत असते, याचे कारण घाटमाथ्यावरील मुळशी जलाशयाचे पाणी भिऱ्याच्या विद्युत्गृहातून तिच्या पात्रात उतरते. आणि ज्या मावळ्यांनी सेनापती बापटांसमवेत १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला, त्यांच्या बुडालेल्या जमिनींचे ऋण या पाण्यात गळ टाकणाऱ्याने विसरू नये. हिमालयातील ट्राउट मासा येथे नाही, तरी थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो हा नियम आपल्या खडस माशालाही लागू आहे. म्हणून पिसांची कृत्रिम माशी प्रातःकाळी, खडकाआडच्या संथ पाण्याच्या कडेला अलगद सोडावी, आणि दुपारी डोह तापल्यावर, धरलेला मासा सोडून दिला तरी दमून मरण्याचा संभव असल्यामुळे, गळ गुंडाळावा. मात्र विद्युत्गृहातून विसर्ग सुरू होताच खडकावरची ओली रेघ पाहता पाहता बुडते व कमरेइतक्या पाण्यातील मनुष्याचे पाय उखडतात. यास्तव विसर्गाची वेळ काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आगाऊ जाहीर होईल असा पक्का बंदोबस्त अंमलदारांनी करावा.